उसनी जीभ

दादा आमच्या मागच्या खोलीत राहायला आला तेव्हा त्याच्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि कापडात गुंडाळलेल्या त्याच्या सुऱ्या. सुऱ्या त्याने माझ्या लेकीचा, ठकीचा, हात पोचू नये म्हणून कपाटावर ठेवल्या, आणि मग भिंतीकडे तोंड करून जो आडवा झाला तो झालाच.

माझा हा थोरला भाऊ एका मोठ्या हॉटेलात गोड पदार्थ करायचा. हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. येईल आपोआप, असं म्हणत तो कुणाला काही न सांगता कामावर जात राहिला. मग एक दिवस त्याच्या पाठीमागे साखरेचा पाक करपला. पार पलीकडच्या टोकाची माणसं नाक धरून धावत आली आणि हा शेजारच्याच ओट्यावर शांतपणे क्रीम घुसळत उभा. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे वळला. मोठ्या शेफनी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. "जीभ परत आली की ये," म्हणाले.

जीभ परत आली नाही. मी काय काय करून वाढायचे आणि विचारायचे, "काही लागतंय?"

"कापूस," तो म्हणायचा. "मघाचा कापूस मऊ होता. हा जरा कडक आहे."

आम्ही हसायचो. नवराही हसायचा. पण ताट उचलताना मला दिसायचं, दादा पोटाला हवं म्हणून गिळत होता, इतकंच. ज्या माणसाने मला लहानपणी डोळे मिटायला लावून सायीतली वेलची ओळखायला शिकवलं, त्याने आता भाकरीसारखा कागदही खाल्ला असता.

मग शेफचा फोन आला. दादाने तो स्वयंपाकघरात उभ्यानेच घेतला. बोलून झाल्यावरही फोन कानालाच होता.

"सोमवारी बोलावलंय. लिंबाचं क्रीम करायचं, त्यांच्यासमोर. नीट झालं तर जागा माझी. नाहीतर दुसरा माणूस बघतायत."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, येतेय चव. हळूहळू."

"येतेय?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

लिंबाचं क्रीम ही अगदी साधी गोष्ट. घट्ट क्रीम आणि साखर एकत्र उकळायची, गॅस बंद करायचा, लिंबाचा रस घालायचा, गाळून वाट्यांत ओतायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. ना अंडं, ना जेली. आंबटाने क्रीम आपलं आपण घट्ट होतं, धरतं. थंड झालं की वाटी हलवली तर मधोमध फक्त एक बारीक थरथर उठते. आम्हाला लहानपणी वाटायचं, दादा जादू करतो.

"इतकं सोपं का सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"म्हणूनच. लपायला जागा नाही त्यात."

"मग वजनावर कर की. चव कशाला लागतेय?"

"साखर वजनावर, क्रीम वजनावर. लिंबू कसं करणार, बारके? त्याला स्वतःचा स्वभाव असतो. या पेटीतलं जहाल, पुढच्या पेटीतलं मवाळ. थेंब थेंब घालत चाखावं लागतं." बोलता बोलता तो थांबला. "तुझी जीभ दे मला. सोमवारपर्यंत."

"घे," मी म्हटलं. "नाहीतरी फार चालते म्हणून तुझे मेहुणे कुरकुरत असतातच."

त्या दुपारपासून ठकी झोपली की आमचा कारखाना सुरू व्हायचा. दादा मागच्या खोलीतून दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून यायचा. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बाहीची बटणं लावत होता. लिंबाची साल किसताना त्याचा हात असा हलका चालायचा की खालचा पांढरा कडू भाग जागचा हलायचा नाही. क्रीम उकळून वर चढायला लागलं की तो पातेलं जेमतेम उचलायचा, पुन्हा टेकवायचा. हात काही विसरला नव्हता. मी चमचा घेऊन शेजारी उभी असायचे आणि माझ्या छातीत उगाच आनंद मावत नसायचा.

"बोल."

"छान आहे. पण जरा गुळमट वाटतंय."

"गुळमट?" त्याने भुवया चढवल्या. "रस तर नेहमीएवढा आहे."

"तू विचारलंस, मी सांगितलं. लिंबू कुठे आहे यात? रस्त्यावरून नुसतं गेल्यासारखं वाटतंय."

तो खूश झाला. "अस्सं सांग. नुसतं छान-छान नको." त्याने आणखी रस पिळला. मी चाखलं. अजून हवं होतं. त्याने अजून पिळलं. "या मोसमातली लिंबं मवाळ दिसतायत," तो स्वतःशीच म्हणाला.

जास्त रसाने क्रीम सैल धरायला लागलं, वाटी हलवली की कडेपर्यंत लाट जायची. ते मात्र त्याच्या डोळ्यांनी टिपलं. दुसऱ्या दिवशी त्याने क्रीम जास्त वेळ आटवलं आणि थरथर पुन्हा मधोमध आणली. मी वाटीभर खाऊन टाकलं आणि चमचा चाटला.

"आता?"

"आता बरोबर. दादा, खरंच सांगते, असं मी आयुष्यात खाल्लं नाही."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, दुकानदार नोट उजेडात धरून पाहतो तसं. मी खरंच सांगत होते. त्याचे डोळे भरून आले आणि तो पातेलं घासायला वळला.

नवरा कामावरून आला तेव्हा त्याला एक वाटी दिली. एका चमच्यात त्याचा एक डोळा मिटला. "अग्ग! दात शहारले की!"

"याला दहीसुद्धा आंबट लागतं," मी दादाला म्हटलं.

"जावईबापू, तुम्ही साखरेचं पाणी प्या," दादा म्हणाला आणि आम्ही दोघं भाऊबहीण खूप दिवसांनी पोट धरून हसलो. ठकीला चमच्याचं टोक दिलं तर तिने ते माझ्या ओढणीवर थुंकलं. पण ती त्या दिवसांत वरणभात सोडून सगळंच थुंकायची. कोण लक्ष देतो.

सोमवारी दादा सुऱ्यांची गुंडाळी काखेत मारून निघाला. लिंबं त्याने आमच्या पिशवीतलीच नेली, सवयीची म्हणून. दारात मी त्याच्या कॉलरवरचा धागा काढला. "जीभ घरीच ठेवून चाललायस," मी म्हटलं.

"पाठ केलीय," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा ठकी जमिनीवर डबे आपटत बसली होती. त्याने तिला उचलून घेतलं, कडेवर बसवलं, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "नाही झालं."

मी गॅस बंद केला. "काय नाही झालं? धरलं नाही?"

"धरलं ना. असं धरलं होतं म्हणून सांगू, सगळे बघायला आले." तो खुर्चीवर बसला. "शेफनी एक चमचा खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. मग इतरांना दिलं. ती नवीन पोरगी आहे ना बिस्किटांवर, तिला ठसकाच लागला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. शेफ म्हणाले, काय रे, हे कुणासाठी केलंस? एखाद्या बाईला दिवस गेलेत का, डोहाळे लागलेत का?"

दादाने ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. ठकीला गंमत वाटली, ती खिदळली.

मी ओट्याला धरून उभी होते. ठकी अजून अंगावर पीत होती, त्यामुळे पाळीचा हिशेब मी केव्हाच सोडला होता. सकाळी पोटात ढवळायचं, त्याला मी जागरणं म्हणत होते. दुपारी कापलेल्या लिंबांची सालं टाकून द्यायच्या आधी मी चोखत होते, चोरून, मीठ लावून. त्यालाही मी काहीतरी म्हणतच होते.

"तुझं तोंड का उतरलं?" दादा म्हणाला. "तू नेमकं सांगितलं होतंस. हातच बिघडला असेल माझा, घाईत."

मी दुकानातून तपासणीची पट्टी आणली आणि मोरीचं दार लावून घेतलं. दोन रेघा उमटायला काही वेळच लागला नाही. येत्या महिन्यात मी चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामाला जाणार होते. दारावर ठकी दोन्ही हातांनी थापा मारत होती. मी बादलीच्या काठावर बसून होते, आणि मनात एकच येत होतं: त्याचा हात बिघडला नव्हता. हे त्याला सांगायला हवं.

मी सांगितलं. आधी त्याला कळेचना. मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वाटलं, सगळं ठीक होईल. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बारके! अगं, मग चिंचा-आवळे सोडून लिंबावर का तुटून पडलीस? जावईबापूंना सांगितलंस?"

"दादा, ऐक ना. लिंबं मवाळ नव्हती. तुझं पहिल्या दिवशीचं माप बरोबर होतं. माझीच जीभ फिरली होती. फोन कर शेफना. म्हणावं, पुन्हा एकदा करतो. या खेपेला दुसऱ्या कुणाकडून चाखून घेऊ."

"कुणाकडून? जावईबापूंकडून?"

"कुणाकडूनही."

तो हसला, पण हसू खाली उतरत गेलं. "त्यांनी जाताना मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, हे तू स्वतः चाखलंस का रे? मी म्हटलं, हो." त्याने ठकीच्या मुठीतून डब्याचं झाकण सोडवलं. "अगं, ज्याला एवढं आंबट लागत नाही त्याला काहीच लागत नाही, हे न कळायला ते काय दूधखुळे आहेत? नुसतं आंबट झालं असतं तर रागावले असते. ते रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवला."

"मग खरं सांग त्यांना. सांग की, बहिणीकडून..."

"आज तुला दिवस गेले म्हणून चुकलं. उद्या कुणाला सर्दी होईल. परवा कुणी माझं मन राखेल. मी कुणाकुणाची जीभ मागत फिरू, बारके?" त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "इथे चार दिवस वाटलं, जमतंय. तुझ्या तोंडाकडे बघायचो ना, तुला इतकं आवडायचं, की मलाच चव लागल्यासारखं व्हायचं."

मला रडू आलं. तोच माझी समजूत घालत बसला. म्हणाला, अशा दिवसांत रडू नये. म्हणाला, आता घरात माणूस वाढणार, तेव्हा आपण काही मागच्या खोलीत भिंत बघत पडणार नाही. पार्सलच्या गोदामात माणसं हवी आहेत, तिथे नाक-तोंड कुणी विचारत नाही. हे सगळं तो अगदी समजुतीने बोलला. मी त्याला आनंदाची बातमी दिली होती, आणि ती घेऊन तो हॉटेलपासून कायमचा बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी तो गोदामाकडे गेला. नवऱ्याने सुऱ्यांची गुंडाळी पुन्हा कपाटावर सरकवली आणि कामावर गेला. ठकी झोपली. मी पाणी घ्यायला फ्रीज उघडला तर रविवारी केलेल्या वाट्या तशाच रांगेत होत्या, वरून गुळगुळीत, पिवळसर, मधोमध एकही भेग नसलेल्या.

त्या मी टाकणार होते. एक उचलली, चमचा घातला. मग दार उघडं ठेवून, उभ्यानेच, गार हवा पायांवर घेत, एकामागून एक सगळ्या संपवल्या. थांबताच येत नव्हतं. इतकं सुंदर झालं होतं ते. कुणी विचारलं असतं तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं, आता बरोबर आहे, अगदी बरोबर. शेवटची वाटी बोटाने पुसून घेताना तर वाटलं, अजून एखादं लिंबू चाललं असतं.