वाढलेल्या बांगड्या

"हात ढिला सोड की गं," म्हणत सुलाबाई कासारणीनं सोनियाचा पंजा दाबला, तशी पोरगी कळवळून खालीच बसली. मनगट टम्म सुजून काळंनिळं पडलं होतं.

सासू धोंडुबाई स्टुलावर बसून दुकानातलाच चहा फुंकत होती. "वाढल्या तिच्या बांगड्या. हिरव्याच भर. उद्या पाव्हणं येनार हाईत, मोकळा हात बरा दिसतुया व्हय?"

सवाशिणीची बांगडी फुटत नाही, वाढते. फोडतात ती नवरा मेल्यावर. म्हसवडच्या बाजारात सुलाबाईनं हेच किती नव्या सुनांना शिकवलं होतं. पण दिवाळीपासून सोनियाच्या बांगड्या इतक्यांदा वाढल्या होत्या, की त्या शब्दाचीच सुलाबाईला किळस यायला लागली होती. मागच्या खेपेला सोनियाच्या नवऱ्यानं, विश्वजितनं, तिच्या डाव्या कानाचा पडदा फाडला. तेव्हापासून कुणी बोललं की पोरगी उजवा कान पुढं करते.

सुलाबाई त्या कानाशी वाकली. "कशानं वाढल्या गं?"

"मोरीत घसरली," धोंडुबाई म्हणाली.

"तुमाला न्हाई इचारलं."

सोनिया म्हणाली, "वाढल्या न्हाईत मावशी. फोडल्या. हात चौकटीत धरला आन् दार लावलं त्यांनी."

धोंडुबाईनं कप खाली आपटला. "आगं ए! नवरा जिता हाय तुजा! फोडल्या म्हंतीस? जीभ झडंल!"

लेकाबद्दल अवाक्षर नाही. बाईला लागला तो शब्द. असल्या बाईला आपण चहा पाजला, याचीच सुलाबाईला शिसारी आली.

तिनं बांगड्यांचा रिकामा खोका फाडला, पुठ्ठा सोनियाच्या मनगटाखाली धरला आणि तिच्याच ओढणीनं हलकेच बांधला. "हाड मोडलंय. सरकारी दवाखान्यात जायाचं, आत्ताच. डाक्टरला हाच शब्द सांगायचा."

"आन् मोकळ्या हातानं गावातनं न्हेतीस? लोक काय म्हंतील?"

"फोडल्या म्हंतील."

बांगड्या भरून झाल्या की कासारणीला नमस्कार करायची रीत. एकही बांगडी न भरता सोनिया उठली आणि बांधलेला हात छातीशी धरून सवयीनं वाकली. 'अखंड सौभाग्यवती हो' सुलाबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

"चल," ती म्हणाली आणि दुकानाचं शटर ओढलं.