माझं शून्य फरशीखाली गेलं

मित्रांनो, मी उंची मोजायची एक जुनी लाकडी पट्टी आहे. शिरूरजवळच्या एका शाळेत भिंतीला स्क्रूने बसवलेली. दर जूनला आणि जानेवारीला पोरं चपला काढून मला पाठ लावतात. कुणी टाचा उचलतं, कुणी केस फुगवून येतं. मला सगळं कळतं. वीस वर्षांत एकदाही खोटं बोलले नाही, याचा मला भारी तोरा होता.

तो उतरला दिवाळीच्या सुट्टीत. जुन्या शहाबादीवरच नवी चकचकीत फरशी बसवली आणि माझे खालचे तीन सेंटिमीटर तिच्याखाली गाडले गेले. वर्ग किती छान दिसतो, असं सगळे म्हणाले. मला वर सरकवायचं कुणालाच सुचलं नाही.

जानेवारीत सहावीतली इवा उभी राहिली. जूनमध्ये एकशे अठ्ठावीस होती, आता एकशे एकतीस. अनुपमाबाईंनी खुशीत आकडा लिहिला. ते तीनही सेंटिमीटर फरशीचे होते, पोर तसूभर वाढली नव्हती. सारखी पेंगायची, तोंड सुजल्यासारखं दिसायचं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड?

दुसऱ्या दिवशी तिच्या आजी, दयाबाई, शाळेत आल्या. त्या नाताळचा झगा शिवताना खाली चार बोटं दुमड ठेवतात आणि पुढच्या नाताळात ती उसवतात.

"बाई, औंदा दुमड सोडायचं कामच पडलं न्हाई. झगा व्हता तितंच येतुय. माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

"आजी, तीन सेंटिमीटर वाढलीय की. ही पट्टी बघा."

"पट्टी म्हणती ते म्हणू द्या. झगा मी शिवलाय."

बाई विचारात पडल्या. टेप आणून त्यांनी फरशीपासून मोजलं. एकशे अठ्ठावीस. त्यांनी वहीतला एकशे एकतीस खोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इवाचे वडील पॉल तिला दौंडला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आठवड्याने ते बाईंना सांगायला आले.

"थायरॉईड कमी पडतंय म्हणं. त्याच्याबिगर हाडं वाढत न्हाईत. गोळी सुरू केलीय. मनगटाचा एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाला मऊ कूर्चा असती, तिथनं हाड वाढतं. हिची आजून उघडी हाय. पण वयात येताना जे हार्मोन येत्यात, ते आधी हाडं भराभर वाढवत्यात आन् मग त्येच कूर्चा बुजवत्यात. एकदा बुजली की उंची संपली. त्याच्या आत हिला वाढायचंय."

"किती वेळ आहे?"

"नक्की सांगता येत न्हाई, म्हणले."

मला उपसून नीट बसवलं. सगळ्या वर्गाची उंची पुन्हा मोजली. जूनमध्ये इवा एकशे तीस भरली आणि बाई हसल्या. मला मात्र अजून धीर नाही. मी बाहेरून मोजणारी, आतली कूर्चा कधी बुजेल ते मला दिसत नाही.

मित्रांनो, लेकरू वाढत नाही असं घरचं माणूस सांगत आलं, तर माझा आकडा दाखवून त्याला परत पाठवू नका. मी चुकले, मला वर सरकवलं. इवाचे न वाढता वाया गेलेले महिने आता कुणालाच सरकवता येत नाहीत.