खांबावरचे खळगे

"ब्रज, दगड घेऊन बाहेर ये रे."

इबेतोम्बी आत्याची ही हाक ब्रजमणीच्या कानांत अठ्ठावीस वर्षं मुक्काम करून होती. तेव्हा तो बावीस वर्षांचा. इंफाळच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत भरदुपारी पोलीस शेजारच्या इंगोचाला गुरासारखं बडवत होते. आत्या मध्ये पडली. लाठीने तिचं उजवं मनगट मोडलं, तर तिने डाव्या हातात दगड घेतला आणि गल्ली गोळा करायला विजेचा खांब ठणाठणा वाजवला. हाती सूत होतं ती सूत घेऊन, हाती पळी होती ती पळी घेऊन गल्लीतल्या बाया धावल्या. पोलीस इंगोचाला टाकून निघून गेले.

"आणि दगड कुणी दिला? भाच्याने," अशी शेवटची ओळ गल्लीने आपणहून जोडली. ब्रजमणीने ती कधी खोडली नाही.

आता आत्या नव्हती. जुना खांबही भंगारात गेला होता. म्हणून ब्रजमणीच्या सत्कार समितीने नवा चकचकीत खांब उभारला आणि लोहाराकडून त्यावर आत्याच्या दगडाचे म्हणून खळगे पाडून घेतले. किती उंचीवर, हे ब्रजमणीला विचारलं. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला.

उद्घाटनाला पोलीस अधिकारी शाल घेऊन आले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी धावलेल्या बायांना शिपायांनी लाठ्या आडव्या धरून दोरीमागे सारलं. "मागे व्हा, आज्यांनो. शौर्याचा कार्यक्रम आहे."

दोरीमागून चाओबी आजी म्हणाली, "इबेतोम्बी माझ्या खांद्याला लागायची. एवढ्या उंच मारायला स्टूल आणलं होतं का तिने?"

"पोलिसांनी दिलं असेल," दुसरी म्हणाली. "आज शाल देतायत, तसं."

बाया हसल्या. आपलं कौतुक चाललंय असं वाटून अधिकारीही हसले. त्यांनी रेशमी फीत बांधलेला, धुतलेला दगड ब्रजमणीच्या हाती दिला.

"तू शेजारीच होतास ना बाबा," चाओबी आजी म्हणाली. "दाखव तरी, नेमकं कुठे मारलं तिने."

दगड लहानसाच होता. ब्रजमणीने तो उचलला, खांबाजवळ नेला, खाली घेतला. पुन्हा वर घेतला. मग दगडाची फीत सोडून तो माईकपासून बाजूला झाला आणि दोरीपाशी आला.

"आजी, मला नाही ठाऊक," तो म्हणाला. "तिने तीनदा हाक मारली. मी आत होतो, हातमागाच्या आड बसून. दगड तिने एकटीनेच उचलला."