अडीच वाजताचा पारा

संस्थेत नापास झालेला एक थर्मामीटर मी बेळगावला नेऊन आईच्या घराच्या पुढच्या सोप्यातल्या भिंतीला लावला, तिथून हे सुरू झाले.

नापास म्हणजे त्याचा पारा चांगला होता, काच चांगली होती. फक्त फॅरनहाइट आकड्यांची पट्टी किंचित सरकली होती, त्यामुळे तो नेहमी एक अंश जास्त दाखवी. बंगळुरात माळावर आमची छोटी संस्था होती आणि थर्मामीटर तपासणे हेच तिथे माझे काम होते. आमचे प्रमुख भीमाचार्य यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जा, क्षमा. खोटं बोलतो, पण रोज तेवढंच बोलतो. अशांशी पटवून घेता येतं."

आई बेळगावच्या शहापुरात दोन खोल्यांत एकटी राहत होती. मी इंटरला असताना वडील गेले. मला भावंडे नाहीत. दर सहा आठवड्यांनी मी तिच्याकडे जाई. संध्याकाळी बंगळूरहून गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगाव, दीड दिवस मुक्काम आणि परत. निघताना आई न चुकता विचारी, "आता कधी?" मी तारीख सांगे. ती तारीख बहुधा पाळली जात नसे. थर्मामीटर लावला तो त्याची भरपाई म्हणून.

"रोज दुपारी अडीचला तू हा बघायचा," मी तिला सांगितले. "मीही तिथं अडीचलाच बघणार. रविवारी सात आकडे कार्डावर लिहून टाकायचे."

"आणि मजकूर?"

"तुला हवा तो लिही."

"आकड्यांनंतर आणखी काय उरलं लिहायला?" आई म्हणाली. "उठले, जेवले, भिंतीपर्यंत चालत गेले. सगळं आलं की त्यात."

अडीच वाजले हे तिला कळायचे ते समोरच्या शाळेच्या घंटेवरून. ती घंटा गुंडो मास्तर स्वतः वाजवत. मला ते भिंतीवरच्या घड्याळावरून कळे. आमच्या खोलीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी होती. दुपारी तिच्यातून येणारा उजेड इतका सारखा असे की कशाचीही सावली पडत नसे. त्या उजेडात मी खोलीतल्या थर्मामीटरपुढे उभी राही आणि वाटे, या काचेच्या पलीकडे आई उभी आहे. एकच पारा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी दिसतो. मधले पावणेचारशे मैल, ती सगळी स्टेशने, लोंढ्याची झाडी, सगळे त्या केसाएवढ्या नळीत मावले आहे. मी आकडा टिपून घेई आणि खोली पुन्हा खोली होई.

एकोणिसशे एकोणसाठच्या जानेवारीत भीमाचार्यांनी मला एक मोठे काम दिले. नव्या काचेला एक खोड असते. भट्टीतून निघाल्यावर ती कित्येक महिने अगदी किंचित आकसत राहते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. थर्मामीटरच्या तळाचा पाऱ्याचा फुगा आकसला की पारा वर ढकलला जातो आणि बर्फात ठेवले तरी तो शून्याच्या थोडा वर थांबतो. बारा नवे सेंटिग्रेड थर्मामीटर शंभर दिवस रोज अकरा वाजता बर्फात बुडवायचे आणि भिंगातून वाचायचे, असे ते काम होते. शंभर दिवसांत एकही खंड नको आणि दुसऱ्या कोणाचा डोळा नको. हे झाले की मला नोकरीत कायम करायचे ठरले होते.

आईला कळवले, 'एप्रिलपर्यंत येणे होणार नाही.' तिचे कार्ड आले, 'सावकाश ये.' खाली सात आकडे.

मी बंगळुरात चिकपेटेत अंबूबाईंच्या माडीवरच्या खोलीत राहत होते. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यांच्या मराठीत कन्नड इतके मुरले होते की कुठे काय संपते ते त्यांनाही सांगता आले नसते. खाली रस्त्यावर साड्यांचे गठ्ठे उतरत, हमाल ओरडत, आणि वर रविवारी सकाळी मी आलेखाचा कागद पसरून बसे. बंगळूर तांबड्या पेन्सिलीने, बेळगाव निळ्या. निळ्या बिंदूंना रेघेने जोडण्याआधी मी प्रत्येकातून एक वजा करी, थर्मामीटरच्या त्या जुन्या खोटेपणाबद्दल.

जानेवारीच्या शेवटी निळ्या रेषेला पायऱ्या पडू लागल्या. ८०, ८५, ८०, ८५, ८५. पुढच्या आठवड्यातही तेच. आमच्या धंद्यात हा ओळखीचा रोग आहे. कंटाळलेला माणूस बारीक रेघा सोडून देतो आणि जवळच्या लांब रेघेचा आकडा लिहितो. मी त्याच दिवशी पत्र टाकले. 'आई, अंदाजाने लिहू नकोस. पाच आणि शून्य यांच्या मध्येही आकडे असतात. नीट बघून लिहीत जा, नाहीतर या आकड्यांचा काही उपयोग नाही.'

उपयोग! कसला उपयोग होता त्यांचा, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

पुढच्या कार्डापासून आकडे सुधारले. ८३, ८१, ८४, ८७. निळी रेषा पुन्हा सळसळू लागली. मी अंबूबाईंना तो कागद दाखवलासुद्धा.

"हे तुझं अम्माचं ताप काय गं?" त्यांनी विचारले.

"अम्माचा नाही, अक्का. तिच्या भिंतीचा."

"भिंतीला ताप येऊन तू इथं बघतीस. सरी, असू दे. अम्माला आला तर कोण बघतंय?"

मी हसले. शंभरांपैकी एकाहत्तराव्या दिवशी हसू आले नाही.

तो रविवार होता. अकराचे वाचन करून परत आले होते आणि नवे कार्ड आलेले होते. करायला काही नव्हते म्हणून, निव्वळ चाळा म्हणून, मी गेल्या चार आठवड्यांच्या आकड्यांचे शेवटचे अंक मोजले. एक किती वेळा, दोन किती वेळा, असे. अठ्ठावीस आकडे. खऱ्या वाचनात त्यांतले पाच-सहा तरी शून्यावर किंवा पाचावर यायला हवेत. एकही नव्हता. शून्य नाही, पाच नाही. मी दुसऱ्यांदा मोजले. नंतर बोटाने एकेक आकडा दाबत तिसऱ्यांदा.

मी रागावले होते म्हणून पाच आणि शून्य घरातून हाकलून दिलेले होते. आई पारा बघतच नव्हती. ती माझे पत्र पाळत होती.

मग मी कार्डे ओळीने मांडली. दिवाळीच्या सुमाराचे अक्षर बारीक, सरळ. माघातले टपोरे. शेवटच्या कार्डावर आकडे जवारीच्या दाण्यांएवढे, उतरत्या ओळीत, आणि शुक्रवारचा आकडा गुरुवारच्या अंगावर चढलेला. हे सगळे माझ्या हातात दर आठवड्याला येत होते. भिंगातून अंशाचा शंभरावा भाग वाचणारी मी, मी यातले फक्त आकडे उतरवून घेतले होते.

मी गुंडो मास्तरांना तार केली. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, 'दोन्ही डोळे मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात उशीर नको. घरचे माणूस हवे.'

भीमाचार्यांनी तार वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"किती दिवस?"

"पंधरा तरी, सर." मी म्हटले. "तेवढे दिवस तुम्ही वाचन घेतलंत तर..."

"मी घेतलं तर ते माझ्या डोळ्यांचे आकडे होतील. तुझ्यात आणि माझ्यात अंशाच्या दोन-शतांशाचा फरक पडतो, तुला माहीत आहे." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "पंधरा ओळी मोकळ्या सोड."

"मग शंभर दिवस?"

"शंभर होणार नाहीत. तुझं कायम होणं पुढच्या वर्षावर जाईल. मला वरती तसंच लिहावं लागेल." आणि मग, दाराशी गेल्यावर, पाठमोरे म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा माझं एकही वाचन चुकलं नव्हतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. जा तू."

मी पंधरा ओळींना तारखा घातल्या आणि त्यांच्यापुढे काही लिहिले नाही.

गाडीत पहाटे जाग आली तेव्हा बाहेर धुके होते आणि गाडी कुठल्याशा ओसाड माळावर थांबली होती. स्टेशन नव्हते, दिवा नव्हता. नुसता दुधाळ उजेड, आणि त्यात बाभळी पाण्यात बुडवल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटले, आईला आता असेच दिसत असेल. मी डोळे बारीक करून पाहिले. झाड कुठे संपते आणि धुके कुठे सुरू होते ते ठरवता येईना. तेवढ्यात गाडी हलली आणि झाडे पुसत गेली.

घरी पोचले तेव्हा शाळेची घंटा व्हायला थोडा वेळ होता. दार उघडेच होते. आई सोप्यात भिंतीशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. नुसती उभी नव्हती, पाटावर उभी होती. एक हात भिंतीवर टेकलेला आणि नाक थर्मामीटरला जवळजवळ लागलेले.

खिळा मी ठोकला होता, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. आई माझ्याहून वीतभर ठेंगणी आहे. हे मला जन्मापासून माहीत होते.

"कोण? यल्लव्वा?" तिने न वळता विचारले. "दूध आत ठेव बाई. थांब, मला जरा बघू दे."

"काय दिसतंय?" मी म्हटले.

तिचा हात भिंतीवर तसाच राहिला. ती म्हणाली, "तुझे शंभर कुठं झाले? मी मोजतेय ना. अजून सत्तावीस राहिलेत."

मी तिला हाताला धरून पाटावरून उतरवले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, पण जरा बाजूला, कानाच्या रोखाने.

"रोज चढत होतीस यावर?"

"दिसायचं तेव्हाही चढत होते. त्यात काय." ती खाली बसली. "नंतर लांब रेघा तेवढ्या दिसायच्या. मग त्याही दिसेनात. अंगणातल्या फरशीवर पाय ठेवून बघायचे, कालच्यापेक्षा जास्त की कमी, आणि मग लिहायचे. तुला पाच चालत नव्हते म्हणून पाच सोडून."

"मला कळवायचं नाही?"

"कळवलं असतं तर तू आली असतीस."

तेवढ्यात गुंडो मास्तर घंटा वाजवून आले. सत्तरी जवळ आलेले, खणखणीत आवाजाचे. "आलीस? बरं झालं. तुझं ते रागावलेलं पत्र मीच वाचून दाखवलं हिला. म्हटलं, लिहितो पोरीला सगळं. तर मला शपथ घातली. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवतोय, आणि म्हातारपणी हिच्या खोट्या आकड्यांचं कार्ड पेटीत टाकत होतो."

"खोटे कसे?" आई म्हणाली. "पायाला विचारून लिहिलेत."

दोन दिवसांनी मी आईला मिरजेला इस्पितळात नेले. डॉक्टरांनी आधी उजवा डोळा करायचे ठरवले. मोतीबिंदू जास्त पिकला होता, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर डोळ्याची आशा नव्हती, म्हणाले. आता तरी आहे का, हे पट्टी सोडल्यावर सांगू.

आठ दिवस आई उताणी, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोके हलवायचे नाही. मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसून राही. आवारात कडुनिंब फुलला होता. दुपारी त्याचा वास आत येई आणि वेळ जागच्या जागी थांबे. पहिले दोन दिवस अकरा वाजले की माझे हात भिंग शोधत. बारा थर्मामीटर तिकडे पेटीत कापसावर पडले असतील, कोणी बघत नसताना त्यांची काच आकसत असेल. तिसऱ्या दिवशी अकरा कधी वाजून गेले ते कळले नाही. आई वडिलांविषयी, तिच्या माहेरच्या विहिरीविषयी, मी तीन वर्षांची असताना हरवले होते त्याविषयी बोलत असे. त्यातले निम्मे मी पहिल्यांदाच ऐकत होते. अडीचच्या सुमाराला ती बोलणे थांबवून हात लांबवी आणि भिंत चाचपे.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणे.

तिथे थर्मामीटर नव्हता. मी म्हणे, "बरोबर."

पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी बोटे धरली. आईने त्यांच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "बोटं तीन. आणि तुमच्या बाहीचं बटण तुटलंय." डॉक्टर बाहीकडे बघू लागले आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघणे मला जमेना.

चष्मा दीड महिन्याने मिळणार होता. बेळगावला परतल्यावर, माझी गाडी सुटायच्या आधी, मी एकच काम केले. आईला भिंतीशी उभे केले, तिच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीने खूण केली, खिळा उपटून तिथे ठोकला. वरचे भोक तसेच राहिले.

"आता तुला वाकावं लागेल," आई म्हणाली.

"वाकेन."

"आता कधी?"

मी तारीख सांगितली. ही पाळली.

संस्थेत गेल्यावर मी पुन्हा अकराची वाचने सुरू केली. काच मधल्या काळात थांबली नव्हती; बाराही पारे थोडे थोडे वर सरकले होते. आलेखात मोकळ्या जागेवरून तुटक रेघ ओढण्याचा मला मोह झाला. दोन्ही टोके इतकी सरळ समोरासमोर होती. भीमाचार्यांनी लांबूनच नको अशी मान हलवली आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

बेळगावचा आलेख मे महिन्यापर्यंत कोराच होता. मग एका रविवारी अंबूबाई कार्ड घेऊन वर आल्या. "तुझं भिंत बरं झालंय बघ," म्हणाल्या, "स्वल्प वाचून दाखव मला."

अक्षर अजून मोठे होते, पण ओळ सरळ होती. सात नव्हे, एकच आकडा होता.

'आज ९५. खरंच पंच्याण्णव आहे, रागावू नकोस. गुंडो मास्तरांनाही दाखवला.'

मी निळी पेन्सिल घेतली, एक वजा केला आणि चौऱ्याण्णववर बिंदू काढला.