रावजी गुरवांची तिसरी तोंडी परीक्षा

रावजी गुरवांनी ख्रिस्ती तत्त्वज्ञान हा विषय घेतला तो घड्याळामुळे. रत्नागिरीच्या त्यांच्या कॉलेजात दुसरा पर्याय तर्कशास्त्राचा होता, पण तो तास सकाळी साडेसातला; आणि साडेसातला देवरूखजवळच्या त्यांच्या गावात ग्रामदेवाची आंघोळ. देवाला पारोसा ठेवून तर्क शिकायला जाणं त्यांच्या तर्कात बसेना. ख्रिस्ती तत्त्वज्ञान दुपारी बाराला होतं, एस.टी. मिळत होती.

तीस वर्षांपूर्वी वडील वारले, देऊळ गळ्यात पडलं आणि विसाव्या वर्षी कॉलेज सुटलं होतं. ती राहिलेली पदवी पन्नाशीत घ्यायचीच, एवढा एकच हट्ट. लेखी पेपर त्यांनी झकास सोडवला. तोंडी परीक्षेत मात्र दोनदा आपटले. वीसपैकी आठ लागत होते. पहिल्यांदा तीन मिळाले, दुसऱ्यांदा दोन. आजची संधी शेवटची. तोवर मागून येऊन त्यांची मुलगी दिशा त्याच वर्गात पोचली होती.

"बाबा, येतं सगळं तुम्हाला. काल चुलीपुढे बसून मला पापाचा उगम समजावलात," दिशा व्हरांड्यात म्हणाली.

"येतं गो. पण समोर टाय दिसला की जीभ टाळ्याला चिकटते."

आत त्यांचे फर्नांडिस सर होते आणि मुंबईहून आलेले परीक्षक. परीक्षकांच्या गळ्यात टाय होता.

"हं, गुरव. देव सर्वशक्तिमान, देव प्रेमळ. तरी जगात दुःख आहे. ख्रिस्ती विचारवंत याची संगती कशी लावतात?"

रावजींना तीन उत्तरं येत होती. तिन्ही एकदम दारात आली आणि अडकली. परीक्षकांनी कागदावर दोनचा आकडा लिहिलेला त्यांना उलटा दिसला.

अडचणीत सापडलेला गुरव एकच गोष्ट करतो. रावजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि देवळात गावाच्या वतीने घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! तुला सगळं जमतं म्हणतात, तू दयाळूही आहेस म्हणतात. तरी पोराबाळांना ताप येतो, आंब्याचा मोहर करपतो. म्हणजे एकतर तुला जमत नाही, नाहीतर तुला आमची पडलेली नाही, असं कोणी म्हणेल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" व्हरांड्यातून अकरा विद्यार्थी ओरडले. गाऱ्हाणं कानावर आलं की हे तोंडातून निघतंच. त्यात विचार करावा लागत नाही.

"पण तू माणसाला निवडायची मुभा दिलीस. दावणीला बांधला असतास तर वाईट वागला नसता, पण मग भलं तरी कसं वागला असता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात शिपाई साकिबचाही आवाज होता.

"आणि तू नुसता वर बसून बघत राहिला नाहीस. खाली उतरलास, खिळे सोसलेस, आमच्या दुःखाचा वाटेकरी झालास, असं तुझे लोक सांगतात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे फर्नांडिस सर होते. त्यांनी लगेच खोकला काढला.

परीक्षक पुढे झुकले. "मग यावर देवाचं उत्तर काय?"

"साहेब, तीस वर्षं गाऱ्हाणी घालतोय. उत्तर काय अजून आलेलं नाही. पण ऐकणारा कोणी नाही असं वाटलं असतं, तर घातली असती का?"

परीक्षकांनी पेन उचललं. त्या दोनाशेजारी काहीतरी केलं. खोडलं की जोडलं, ते रावजींना उलट बाजूने कळेना.

चहाच्या वेळी परीक्षक टाय सैल करून व्हरांड्यात आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "गुरव, माझं बदलीचं अडलंय. एक गाऱ्हाणं घालाल?"

"घालीन की. पण निकाल लागल्यावर. आधी घातलं तर देवाला वाटेल, वशिला लावलाय."

निकाल लागला. दोनाच्या अलीकडे एक होता: बारा. दिशाला अकरा. परतीच्या एस.टी.त ती हातखंब्यापर्यंत बापाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रावजी देवापुढे उभे राहिले, आणि बदली कुठून कुठे हवी हे विचारायचं राहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं.

"बा म्हाराजा, मुंबईचे टायवाले साहेब आहेत. त्यांना तुला बरं वाटेल तिथे टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.