आगराचं पाणी

नव्या घरात पहिलं पाऊल मिठाचं, हा आमच्या गव्हाण गावच्या घराचा रिवाज. त्यासाठी माझ्या सासूबाईंनी, भामाबाईंनी, आपल्या मिठागरातलं शेवटचं मीठ पाट्यावर वाटून बरणीत जपलं होतं. आगर भरावाखाली गेलं, वर रस्ता झाला. बरणी तेवढी राहिली.

खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला. सामान बांधताना माझ्या नवऱ्याने, हरेशने, बरण्या फुटतील म्हणून आईंचं मीठ एका प्लास्टिकच्या डब्यात ओतलं आणि स्वयंपाकाचं पाकिटातलं मीठ तसल्याच दुसऱ्या डब्यात. आता कुठलं कुठे, त्यालाच आठवेना. गेल्या वर्षीच्या तापात आईंच्या जिभेची चव गेलेली. मी चाखलं, तर दोन्ही खारट.

"मीठ ते मीठ, आई. कुठलाही डबा घे," हरेश म्हणाला.

"मंग बायको ती बायको. उद्या शेजारची आन."

एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. परकं मीठ घेऊन त्या नव्या घराचा उंबरा ओलांडणार नव्हत्या.

मी माझा सूक्ष्मदर्शक काढला. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण खारघरच्या एका कॉलेजने भंगारात काढलेलं हे यंत्र घेऊन, व्हिडिओ बघत बघत, मी कांद्याच्या सालीपासून डासाच्या पायापर्यंत सगळं पाहिलंय. घरात त्याला 'मनिषाचा देव्हारा' म्हणतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पाण्यात मीठ विरघळेल, म्हणून काचेवर खोबरेलाचा थेंब घेतला. पहिल्या डब्यातले कण म्हणजे चिमुकले ठोकळे, कोपरे झिजलेले, आत जवळजवळ काही नाही. कारखान्याची शिस्त.

दुसऱ्या डब्यातले तुकडे वेडेवाकडे. मी भिंग हळूहळू खाली आणलं. कणाच्या आत इवल्या इवल्या चौकोनी खोल्यांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक खोली पाण्याने भरलेली. उन्हात पाणी आटून मीठ धरताना खाडीचं थोडं पाणी कणाच्या आत कोंडलं जातं, असं मी वाचलं होतं. वाचणं वेगळं.

"आई, इकडे या. एक डोळा मिटा."

बराच वेळ त्या वाकून राहिल्या.

"खोल्या हायत. काय भरलंय त्यांच्यात?"

"पाणी. तुमच्या आगरात भरतीला आलेलं."

"आगर नाय राहिला तरी?"

"तरी."

हरेशने बघायला मान पुढे केली, तर त्यांनी त्याला कोपराने ढकललं. मग सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर हात धरला.

"दिवा बंद कर, मनिषे. सुकंल ना."

सुकणार नाही, हे मी सांगितलं नाही. दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या दारात भटजी घाई करत होते. आई मात्र डबा दोन्ही हातांत धरून, काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशा, न हिंदकळता आत गेल्या.