खोळीच्या आतली हवा

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या मागच्या दारावर एक जादाचं चाक टांगलेलं असतं ना, तीच मी. गाडीची कौतुकं सगळे करतात, पण स्टेपनीची आठवण कुणाला येते? माझे चार भाऊ रस्ता तुडवतात, चिखलात लोळतात, खड्ड्यांशी भांडतात. मी मात्र पाठ टेकून लटकलेली असते. गाडी कुठे चालली आहे, हे मला कधीच दिसत नाही. कुठून निघाली, तेवढंच दिसतं.

आम्ही पाचही जण एकाच कारखान्यात, एकाच दिवशी साच्यातून बाहेर पडलो. रबराचा वास अंगाला होता आणि अंगावर बारीक बारीक केस होते. मेकॅनिकने चौघांना खाली बसवलं आणि हाताला शेवटी लागले म्हणून मला मागे टांगलं. त्यात माझा काही गुण नव्हता आणि दोषही नव्हता.

आमची गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, निवृत्त झाल्यावर ती घेतली. काकांनी तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. रोज सकाळी तेल बघायचं, पाणी बघायचं आणि स्टेपनीवर एक बुक्की मारायची, हा त्यांचा नेम होता. हवा भरलेलं चाक टणक वाजतं, हवा गेलेलं चाक भद्द वाजतं. "रोग्याला घेऊन निघाल्यावर हवा शोधत बसायचं का?" असं ते नव्या ड्रायव्हरांना दरडावायचे. काकू शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश शिवून शिवून त्यांची पाठ वाकली होती, पण टाका अजून मोत्यासारखा पडायचा.

हा एवढा लांबचा प्रवास काकूंच्या ताईसाठी होता. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच काकूंना वाढवलं होतं. शिवणयंत्रावर पाय कसा ठेवायचा, हेही तिनेच शिकवलं. मग लग्न होऊन ताई जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली. अडतीस वर्षांत दोघींची भेट झाली नव्हती. आता ताईचं हृदय थकलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी फार तर वर्षभराची आशा दाखवली होती. काकूंच्या कानाचं मोठं ऑपरेशन झालेलं, त्यांना विमानात बसायची सक्त मनाई होती. एके दिवशी फोनवर ताई म्हणाली, "ये गं. मी आहे तोवर ये."

काकांनी दुसऱ्याच दिवशी नकाशा आणला. "विमान नाही तर नाही. रस्ता कुठे बंद झालाय?" असं म्हणून ते कामाला लागले. व्हॅनमध्ये दोन फळ्यांचा पलंग झाला, शेगडी आली, पाण्याची टाकी आली. काकूंनी जाड कॅनव्हासची एक खोळ शिवली आणि मला घातली. नव्या नवरीसारखी मी सजले होते.

तीन खंड आणि अकरा देश ओलांडायचे होते. मध्ये एकदा तर आम्ही जहाजाच्या पोटात बसून समुद्र पार केला. प्रत्येक सीमेनंतर जे पहिलं गाव लागे, तिथे काकू शिंप्याचं दुकान शोधत. भाषा येत नसे. त्या नुसतं आपलं अंगुस्तान, शिवताना बोटावर घालायची टोपी, वर करून दाखवत. समोरचा शिंपी आधी बघत राही, मग हसे आणि स्वतःचं अंगुस्तान दाखवी. मग त्या खुणेने कापडाचा तुकडा मागत आणि तो माझ्या खोळीवर शिवत. कुठलं रेशीम, कुठलं लोकरीचं, कुठलं पोत्यासारखं खरखरीत. "ताईला मी हात धरून दाखवीन," त्या म्हणत. "इथून आले, इथून आले, आणि मग तुझ्या दारात आले." खोळीत चिखल शिरायला लागला तेव्हा त्यांनी तिची कड मागून चाकाभोवती घट्ट टाचून टाकली.

माझी चैन झाली. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. सीमेवरचे कडक अधिकारीसुद्धा कापडांवरून हात फिरवत. भाऊ खाली झिजत होते आणि मी मिरवत होते. मला गर्व झाला होता, हे मी कबूल करते. पण आतली गोष्ट वेगळीच होती. माझ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी केसाएवढी चीर पडली होती आणि हवा हळूहळू निसटत होती. मला ते कळत होतं. सांगणार कसं? मला तोंड नाही.

सातवा तुकडा शिवून झाला, त्या सकाळी काकांनी बुक्की मारली आणि ते थबकले.

"अगं, आवाज बरोबर येत नाहीये."

"एवढी कापडं चढलीत वर, येणार कसा?" काकू म्हणाल्या. "थांबा, एका बाजूने उसवते."

त्यांनी कात्री काढलीही. काकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. सुया टोचून बोटांची चाळण झाली होती.

"राहू दे. परत टाचत बसशील. पोचल्यावर बघू."

"अहो, पण नक्की ना?"

"तीस वर्षं हेच केलंय मी. कापडाचाच आवाज आहे तो."

मित्रांनो, त्यांनी हे प्रेमापोटी केलं. म्हणून तर मला त्यांच्यावर रागावताही येत नाही.

अकरावा तुकडा लागला, तेव्हा तीन दिवसांची वाट उरली होती. ताईच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईने खाणं सोडलंय. सारखं विचारते, कुठवर आली म्हणून. जमेल तेवढ्या लवकर या." काका गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी एका उजाड दगडी पठारावर धाडकन आवाज झाला. डावीकडचा मागचा भाऊ फुटला होता. त्याची कूस पार फाटली होती, तो काही सांधण्यातला राहिला नव्हता.

"घाबरू नकोस," काका उतरता उतरता म्हणाले. "अर्ध्या तासात निघू. स्टेपनी अजून कोरी आहे."

काकूंनी स्वतःच कात्री घेतली आणि टाके सपासप कापले. काकांनी मला हात लावला. त्यांचं बोट माझ्यात रुतलं. त्यांनी पायपंप जोडला आणि ते धापा टाकेपर्यंत पंप मारत राहिले. जेवढी हवा आत येई तेवढी चिरेतून फुस्स करून बाहेर जाई. त्यांनी चिकटपट्टी लावली, रबराची चिंधी बांधली, साबण थापला. शेवटी ते खाली दगडांवर बसले.

"दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने हे केलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं," ते म्हणाले.

"टाके माझेच होते," काकू म्हणाल्या.

"तू उसवायला निघाली होतीस. मी थांबवलं."

शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या पठारावर फोनही लागत नव्हता. दुपारी एक ट्रक आला, तोही उलट्या दिशेने जाणारा. गाडीजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून काकू थांबल्या. काका मला ट्रकात टाकून मागच्या गावी घेऊन गेले. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्ह बदलला, हवा भरली आणि हात पुसले. खुणेने त्याने दहा बोटं दाखवली. दहा मिनिटांचं काम होतं. पण परत त्या पठाराकडे जाणारं वाहन मिळायला दोन दिवस लागले.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर धावले. जन्मभर मी याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि तो असा आला. मी जीव तोडून धावले. खडी, वाळू, ऊन, कशाचीही पर्वा केली नाही. फोन लागायला लागला, तेव्हा काकूंनी तो हातात घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

ताईचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. दारात खूप चपला होत्या. भाची बाहेर आली. तिला काही सांगावंच लागलं नाही.

"कधी?" काकूंनी विचारलं.

"काल सकाळी, मावशी. आज दुपारी सगळं आटोपलं. आम्ही खूप फोन लावले." तिला हुंदका आवरेना. "कुठलीही गाडी वाजली की आई म्हणायची, बघ गं, तीच असेल."

काकू आत गेल्या नाहीत. त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. कापलेली खोळ त्यांच्या काखेत होती. काका चाकाला हात लावून उभे होते, मान वर करायची त्यांची छाती होत नव्हती.

"हे काय आणलंय, मावशी?" भाचीने डोळे पुसत विचारलं.

काकूंनी खोळीची घडी आणखी लहान केली.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "कापडं आहेत."

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या गाडीत, तुमच्या माणसांतही माझ्यासारखं कुणीतरी असतं. ते कुरकुर करत नाही आणि वरून चांगलं सजलेलं दिसतं. त्याला आजच हात लावून बघा. टाके उसवावे लागले तर उसवा, ते पुन्हा घालता येतात. दहा मिनिटांचं काम पोचल्यावर करू, असं कृपा करून म्हणू नका. त्या दारात आम्ही पोचलो, तेव्हा माझ्यात हवा अगदी काठोकाठ भरलेली होती. आता ती कुणाच्याच काही कामाची नव्हती.